टॅग मिळाला, पेढे वाटले, पुढे काय? जीआय नोंदणीला निघालेल्या गटांसाठी

तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर फ्लेक्स लागतो: 'आपल्या अमक्याला जीआय मानांकन, हार्दिक अभिनंदन!' जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. फ्लेक्सवर खाली आठ नेत्यांचे फोटो, पिकवणाऱ्याचा एकही नाही. पेढे वाटून होतात. दोन हंगाम उलटतात आणि बाजारात तोच माल त्याच भावाने जात असतो, वर शेजारच्या गाळ्यात तेच नाव लावलेला परका मालही खपत असतो.

गेली काही वर्षं मी आमच्या डोंगरपट्ट्यातल्या भात उत्पादकांच्या एका गटाची कागदपत्रं सांभाळतोय. तांदळाचं नाव इथे लिहीत नाही, अर्ज अजून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात आहे. पण या खटाटोपात जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं: 'एजन्सी नेमा, ते करतात सगळं.' एजन्सी अर्ज करते. सगळं करत नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा

जीआय नावाला कुंपण घालतं, वस्तूला नाही. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

२०२५च्या जूनमध्ये मिलानमधल्या फॅशन शोत प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इकडे रान उठलं. 'आपल्याकडे जीआय आहे ना, मग खटला भरा!' कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे, २०१९पासून आहे. ते महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर हे तिथलं चर्मोद्योग महामंडळ यांच्या नावावर आहे, आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे येतात. पण तिकडे त्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हटलंच नव्हतं, 'चामड्याची सँडल' म्हटलं होतं. आणि शो झाला इटलीत, जिथे आपली चेन्नईची नोंदणी आपोआप लागू होत नाही. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर मानांकन आहे ते दाद मागायला येऊ शकतात, तुम्ही कोण, असा न्यायालयाचा रोख होता.

या एका प्रकरणातून तीन गोष्टी घ्या. संरक्षण नावाला मिळतं. ते देशाच्या हद्दीपुरतं मिळतं. आणि भांडायचा हक्क नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला असतो, गावातल्या कुणालाही नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येऊन थांबणार आहे.

कायदा १९९९चा, अंमलात आला १५ सप्टेंबर २००३ला. देशातली पहिली नोंदणी दार्जिलिंग चहाची. त्यानंतर आपल्याकडे सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, पैठणी, नागपूर संत्रं, मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावची भरिताची वांगी, मिरजेची सतार अशी यादी वाढत गेली. गोव्यात फेणीने सुरुवात केली, २००९मध्ये.

नाव कोणतं मागायचं

बाजार ज्या नावाने ओळखतो ते. सभेत सुचलेलं भारदस्त नाव नको. नावात गाव असलंच पाहिजे असं नाही: हापूस, फेणी, बासमती यांत कुठलंही गाव नाही, तरी कायद्याला चालतं, कारण नाव घेतलं की प्रदेश डोळ्यासमोर येतो.

चालत नाही ते सर्वसाधारण झालेलं नाव. उद्या कुणी भाजीसाठी 'कोल्हापुरी' मागितलं तर मोठं कठीण आहे. हॉटेलच्या मेनूवरच्या व्हेज कोल्हापुरीत कोल्हापूर उरलेलं नाही, लाल तवंग तेवढा उरलाय.

नावावरून भांडण होणार असेल तर अर्जाआधी होऊ द्या. हापूसच्या बाबतीत देवगडवाल्यांना देवगड हवं होतं, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी. शेवटी २०१८मध्ये 'अल्फान्सो' या नावाने पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांसाठी नोंदणी झाली, आणि मालकीत कोकण कृषी विद्यापीठासह चार संस्था आल्या. मधे कितीतरी हंगाम निघून गेले.

अर्ज कोणाच्या नावाने

एकट्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला अर्ज करता येत नाही. उत्पादकांचा संघ, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, कायद्याने स्थापन झालेली एखादी संस्था यांना करता येतो. अट एकच, ती उत्पादकांचं हित पाहणारी असावी, आणि तसं कागदावर दाखवता आलं पाहिजे. संस्थेच्या उपनियमांत हा उद्देश नसेल तर आधी सर्वसाधारण सभा घ्या, ठराव करा, दुरुस्ती करून घ्या.

माझं मत विचाराल तर मालकी उत्पादकांच्या संस्थेकडे ठेवा आणि विद्यापीठ किंवा महामंडळ सोबतीला घ्या. सरकारी संस्थेकडे तज्ज्ञ असतात, प्रयोगशाळा असते, हे खरं. पण साहेबांची बदली झाली की फाईल कपाटात जाते. उलट नुसत्या गावकऱ्यांच्या संस्थेत संचालकांची निवडणूक आली की जीआय प्रचाराचा मुद्दा होतो. दोन्ही पाहिलंय. पैशाची अडचण असेल तर नाबार्ड आणि राज्य कृषी पणन मंडळ यांच्याकडे नोंदणीसाठी मदत मिळते का, हे आधी विचारा आणि मगच वर्गणीची पावतीपुस्तकं छापा.

हद्द: इथे घाई केलीत तर फसलात

आमची हद्दीची बैठक मारुतीच्या देवळात झाली. मी तालुक्याचा नकाशा मोठा छापून नेला होता, त्यावर लाल पेनाने तालुक्याची सीमा गिरवलेली. सोपं काम वाटलं होतं. तात्या म्हणून एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ, त्यांनी चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे आमचं खाचर ओढ्यापल्याड, तर आमचा तांदूळ वासाचा न्हाई व्हय?"

ओढ्यापलीकडे दुसरा तालुका लागतो. आणि या भाताचं बियाणं वाईट वर्षांतही मोडलं नाही ते तात्यांच्याच घराने. अर्ध्या गावाने बी त्यांच्या कणगीतून नेलेलं. बैठक तिथेच थांबली.

मग आम्ही तालुका सोडला आणि महसुली गावांची यादी धरली. दोन्ही बाजूंच्या गावांत फिरलो, कुठे हे भात पिढीजात लावतात, कुठे गेल्या दहा वर्षांत कुणी हौसेने आणलंय, ते विचारलं. पाऊस, उंची, मातीचा रंग टिपला. चार महिने जास्त गेले. पण आता कुणी विचारलं की ही रेघ इथेच का, तर उत्तर आहे.

हद्द फार आवळली तर आपलीच माणसं बाहेर राहतात आणि तीच पुढे हरकत घेतात. फार सैल सोडली तर मातीचा आणि हवामानाचा मुद्दाच लटका पडतो. राजकीय दबाव नेहमी सैल सोडण्याकडे असतो, कारण प्रत्येक आमदाराला आपला मतदारसंघ आत हवा असतो. अर्जासोबत नकाशाच्या तीन प्रमाणित प्रती लागतात, त्यावर नकाशाचं शीर्षक, प्रकाशक आणि प्रकाशनाची तारीख असावी लागते. मोबाईलवरून छापलेला नकाशा चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

पुरावा कुठे शोधायचा

'आमच्या पणजोबांपासून आहे' हे वाक्य अर्जात कवडीमोलाचं. पणजोबांचा कागद हवा.

पहिली पायरी गॅझेटियर. ब्रिटिश काळातली जिल्ह्यांची गॅझेटियर्स राज्याच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइन ठेवली आहेत. शेती, व्यापार, उद्योग ही प्रकरणं ओळ न ओळ वाचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेळी १८८३च्या गॅझेटियरमधला उल्लेख कामी आला. इंग्रजांनी नावं कशीही लिहिली आहेत, तेव्हा एकाच पिकाचे चार-पाच उच्चार मनात धरून शोधा.

पण गॅझेटियरवर थांबू नका. बाजार समितीचे जुने भावफलक, जकातीच्या पावत्या, संस्थानांची दप्तरं, कृषी प्रदर्शनांची बक्षीसपत्रं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, लग्नाच्या खर्चाच्या याद्या, जात्यावरच्या ओव्या, सगळं चालतं. आम्हाला सगळ्यात चांगला पुरावा मिळाला एका बंद पडलेल्या वखारीत. लाल कापडाची रोजकीर्दीची चोपडी, कडा उंदरांनी खाल्लेल्या, मजकूर मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोट ठेवलं: आमच्या तांदळाचं नाव, पायलीचा भाव, शके १८३४. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९१२. त्याच पानावर साध्या तांदळाचा भाव खाली लिहिलेला, आमच्यापेक्षा कमी. नाव होतं आणि नावाला जास्त भाव मिळत होता, दोन्ही एका पानावर. कायद्याच्या भाषेत ज्याला लौकिक म्हणतात तो हाच.

मोडी कागद असेल तर मूळ पानाचा फोटो, देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर असे तिन्ही जोडा. लिप्यंतर करणाऱ्याची सही घ्या.

गुण आणि मातीचं नातं

नुसता लौकिक सांगून भागत नाही असं नाही, कायद्यात गुणवत्ता, लौकिक किंवा इतर वैशिष्ट्य यांपैकी काहीही चालतं. पण त्या भूगोलामुळेच ते आलंय, हे मात्र पटवावं लागतं. याचं मला आवडणारं उदाहरण सांगलीच्या हळदीचं. हरिपूर-सांगलवाडीकडे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत होती. तिथली माती अशी की खोल खणलेलं पेव ढासळत नाही आणि आतली हळद वर्षानुवर्षं टिकते. माती, रीत आणि माल यांची गाठ एका वाक्यात सांगता येते. तुमच्या मालाबद्दल असं एक वाक्य सापडेपर्यंत अर्ज लिहायला बसू नका.

प्रयोगशाळेच्या चाचण्या कृषी विद्यापीठातून करून घ्या. वासाच्या तांदळात तो वास देणारा मुख्य घटक म्हणजे दोन-असिटाइल-एक-पायरोलीन, तो मोजता येतो. हळदीत कुरकुमिन, गुळात शर्करेचं प्रमाण, असं प्रत्येकाचं काहीतरी असतंच. आम्ही पहिले नमुने गिरणीतून उचलले, आणि गिरणीत आधी भरडलेला दुसरा तांदूळ मिसळलेला. निकाल आला तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. नमुना खाचरातून घ्या, गट नंबर लिहा, आणि हद्दीबाहेर पिकवलेल्या त्याच वाणाचे नमुनेही सोबत द्या. तुलनाच नसेल तर आकडा बोलत नाही.

आणि एक शहाणपण ठेच खाऊन आलेलं: अर्जात आकडे टाकताना सगळ्यात चांगल्या वर्षाचे टाकायचा मोह होतो. टाकू नका. तीन हंगामांचा पल्ला द्या. अवकाळी झालेल्या वर्षी तुमचाच माल तुमच्याच अर्जात बसला नाही तर तपासणीत तुम्हीच नापास होता.

वाण आणि जीआय यांची गल्लतही करू नका. वाणाच्या नोंदणीचा कायदा वेगळा, २००१चा, त्याचं प्राधिकरण वेगळं. एकच भात दोन्हीकडे नोंदवता येतं, पण एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही.

अर्ज आणि चेन्नई

नमुना जीआय-१. त्यात मालाचा वर्ग द्यावा लागतो: तांदूळ, गूळ, मसाले ३०मध्ये, ताजी फळं-भाज्या ३१मध्ये, कापड २४, कपडे आणि पादत्राणं २५, वाद्यं १५, खेळणी २८, मद्य ३३. सोबत प्रतिज्ञापत्र, नकाशे, उत्पादनाची पद्धत, इतिहास, हद्दीचं वर्णन आणि तपासणी यंत्रणेची माहिती. फी नियमांच्या पहिल्या परिशिष्टात असते. ती वेळोवेळी बदलली आहे, त्यामुळे कुणाच्या जुन्या अर्जातला आकडा उतरवू नका.

तपासणी यंत्रणेच्या रकान्यात बरेच जण कृषी अधिकाऱ्यांच्या पदांची लांबलचक माळ लावून मोकळे होतात. ती माणसं कधी भेटणार? त्यात दोन उत्पादक, एक गिरणीवाला किंवा अडत्या आणि विद्यापीठाचा एक माणूस असू द्या. वर्षातून दोनदा, लावणीनंतर आणि मळणीच्या वेळी, प्रत्यक्ष बांधावर जायचं आणि वहीत लिहायचं.

पुढचा रस्ता ठरलेला. चेन्नईची रजिस्ट्री प्राथमिक छाननी करते, मग जास्तीत जास्त सात जणांचा तज्ज्ञ गट बसतो. त्यांच्यापुढे बोलायला वकिलाबरोबर एक तरी पिकवणारा न्या. आमच्या वेळी सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर एका बाईंनी दिलं, शिजलेल्या भाताचा वास किती वेळ टिकतो यावर. नंतर परीक्षण अहवाल येतो, त्याला दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. ही तारीख चुकली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून पत्रव्यवहारासाठी अध्यक्षाच्या घरचा पत्ता देऊ नका, अध्यक्ष बदलत असतात. सगळं मान्य झालं की अर्ज जीआय जर्नलमध्ये छापतात. तिथून तीन महिने, आणि परवानगीने आणखी एक महिना, कुणालाही हरकत घेता येते. ती आली नाही किंवा निकालात निघाली की प्रमाणपत्र.

नोंदणीची मुदत दहा वर्षं. पण ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून, प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवसापासून नव्हे. अर्ज आठ वर्षं रेंगाळला तर पेढ्यांचा कागद वाळायच्या आत नूतनीकरण येतं.

खरं काम: अधिकृत वापरकर्ते

ज्या पायरीवर बहुतेक मानांकनं आडवी होतात ती ही. संस्थेला प्रमाणपत्र मिळालं म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला ते नाव हक्काने लावता येतं असं नाही. त्याला स्वतःला जीआय-३ नमुन्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. २०२०मध्ये नियम बदलले आणि यासाठीची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली. चहा-बिस्किटापेक्षा कमी! तरी लोक येत नाहीत, कारण अडचण पैशाची नसतेच, सातबाऱ्याची असते.

सातबारा अजून आजोबांच्या नावावर. किंवा सामाईक खातं, पाच भाऊ, त्यातले तीन मुंबईत. किंवा पीकपेऱ्यात नुसतं 'भात' लिहिलेलं, वाणाचा पत्ताच नाही. बागायतीत तर झाडांची नोंदच नसते. म्हणून हे काम प्रमाणपत्र यायच्या आधी, दोन हंगाम आधी, सुरू करा. ई-पीक पाहणीत नोंद नीट करून घ्या. वारस नोंदी लावून घ्या. सामाईक खात्यात कसणाऱ्याच्या नावाने बाकीच्यांची संमती लिहून घ्या. बायकांच्या नावाने अर्ज भरायला विसरू नका. निवडणं, सडणं, बी राखणं त्याच करतात, आणि कारागिरीच्या मालात तर जमिनीचा प्रश्नच नाही, कारागीर असल्याचा पुरावा पुरतो.

आम्ही अर्ज भरायला गावोगाव शिबिरं लावली. पहिल्या गावात अकरा जण आले. दुसऱ्या गावात शिबिर मळणीच्या खळ्यावरच घेतलं, झेरॉक्स मशिन आणि फोटोवाला टेम्पोतून नेला. संध्याकाळपर्यंत अर्जांची थप्पी लागली.

बाजारात आणि तक्रारीत

मालावर नाव, अधिकृत वापरकर्त्याचा नंबर आणि जीआयचा बोधचिन्ह-शिक्का हवा. त्याहून चांगलं म्हणजे पुन्हा वापरता न येणारा शिक्का. हापूसच्या हंगामात रिकाम्या, छापील पेट्या किती सहज विकत मिळतात हे बाजारात फिरणाऱ्याला माहीत असतं. आत कर्नाटकचा आंबा, बाहेर देवगड. देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा, काढला की फाटणारा स्टिकर लावायला सुरुवात केली ती याच दुखण्यावर. युक्ती अशी की स्टिकर बागेतल्या झाडांच्या हिशेबानेच मिळतात. हजार फळं देणाऱ्याला दहा हजार स्टिकर मिळत नाहीत.

खोटं नाव वापरणाऱ्याला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी करू शकतो, पण त्याआधी त्याला रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणून चौकीत जाताना प्रमाणपत्र, जर्नलची प्रत आणि कायद्याचं ते कलम छापून न्या, ठाण्यात हा कायदा रोज लागत नाही. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात. परदेशातलं संरक्षण हवं तर त्या त्या ठिकाणी वेगळा अर्ज, दार्जिलिंग चहाने युरोपीय संघात २०११मध्ये मिळवलं तसा. निर्यात सुरू नसेल तर त्या खर्चाच्या नादी लागू नका.

कुठलीही तक्रार टिकते ती खरेदीच्या पावतीवर, आणि तिथेच मी पहिल्यांदा आपटलो. शहरातल्या एका दुकानात आमच्या तांदळाचं नाव खडूने लिहिलेलं पोतं दिसलं. पाच किलो घेतला, पावती मागितली. घरी येऊन पाहतो तर पावतीवर नुसतं 'तांदूळ, ५ किलो'. भात शिजवला, वास ना बीस. आमची नोंदणी व्हायची आहे, त्यामुळे त्या पावतीवर पूर्ण नाव असतं तरी आज दावा झाला नसता. पण सवय आत्तापासून लावून घेतलीय: आधी पाटीसकट पोत्याचा फोटो, मग पैसे काढायच्या आत शांतपणे सांगायचं, "दादा, पावतीवर तांदळाचं नाव पूर्ण लिहा." गेल्या महिन्यात असं सांगितल्यावर एका दुकानदाराने पेन खाली ठेवलं, पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इंद्रायणी घ्या ना, चांगला आहे."